बाईंसमोर नीट बोल

नागपूर स्टेशनाबाहेर देवाजींनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "जय भीम, वहिनी. प्रवास व्यवस्थित झाला ना आपला?" सुभद्राला वाटलं, या माणसाने हे वाक्य घरून पाठ करून आणलंय.

देवाजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे, संघपालांचे, वसतिगृहापासूनचे मित्र. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी संघपाल गेले तेव्हा चिपळूणला येऊन दोन दिवस अंग चोरून खुर्चीत बसले होते आणि निघताना म्हणाले होते, "वहिनी, एकदा नागपूरला या. त्याचं गाव बघा." तेव्हा तिने नुसती मान हलवली होती. पण मग तीही शाळेतून निवृत्त झाली, घर मोठं वाटायला लागलं, आणि बंगळुरूहून लेक उन्नती फोनवर रोज एकच विचारायची, "आज काय केलंस?" सांगण्यासारखं काही उरेना, तेव्हा तिने तिकीट काढलं. दहा दिवसांचं.

चौतीस वर्षांच्या संसारात ती नागपूरला एकदाही आली नव्हती. संघपाल मात्र दर दसऱ्याला यायचे. दीक्षाभूमीवर जायचे, चार दिवस देवाजींकडे राहायचे आणि परत यायचे. तिच्याकडे तेव्हा सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे असायचे. मराठीची शिक्षिका, पेपर तपासण्यात ती कधी उशीर करत नसे.

नंदनवनातलं देवाजींचं घर लहान होतं, पण गजबजलेलं. देवाजींची बायको सिंधूताई, मुलगा, सून मेघा, शिवाय येणारे-जाणारे. तिला रस्त्याकडची खोली दिली होती. "हा त्याचाच पलंग," सिंधूताई चादर नीट करत म्हणाली. "दसऱ्याले आला की... म्हणजे, दसऱ्याला आले की इथेच झोपायचे."

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सिंधूताई मेघाला म्हणाली, "जरा सांबार तोड वं," आणि दारात उभ्या असलेल्या सुभद्राकडे लक्ष जाताच घाईने म्हणाली, "कोथिंबीर. कोथिंबीर निवड." मेघा ओठ दाबून हसली. सुभद्राही हसली, पण काय घ्यायला आली होती ते विसरून बाहेर जाऊन बसली.

तिच्याशी सगळेच असं बोलत. सावकाश, शब्द निवडून, शाळेतल्या तपासणीला साहेब आल्यासारखं. तिने पाणी मागितलं तर तिघं उठत. आणि ती खोलीत गेली, की भिंतीपलीकडे आवाज पुन्हा चढत, हसणं सुरू होई, कोणीतरी कोणालातरी "काहून बे?" म्हणे. ती पलंगावर बसून ऐके. तिला वाटे, उठून जावं त्यांच्यात. पण ती गेली की ते थांबणार हेही तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने ते सगळे धरमपेठेत गेले. तिथे जितेंद्र राहत, वसतिगृहातले तिसरे मित्र, बँकेतून निवृत्त झालेले. डब्यातून खाली पाहताना देवाजी तिला दाखवत होते, इथे आमची खोली होती, इथे आम्ही तिघं एका सायकलवर पडलो. ती वाकून पाही तोवर इमारत मागे गेलेली असे.

जितेंद्रांच्या दिवाणखान्यात तर्री-पोह्यांच्या बशा आल्या आणि गप्पा रंगल्या. संघ्याने वॉर्डनची सायकल कशी लपवली. संघ्या मटण करायचा तेव्हा कोणाला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. संघ्या सिंधूच्या लग्नात इतका नाचला की वरात पुढे सरकेना.

सुभद्रा बशी हातात धरून ऐकत होती. तिच्या घरातल्या माणसाने चौतीस वर्षांत कधी गॅस पेटवला नव्हता. पानात पडेल ते खायचे, पेपर वाचायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. नाचायचे?

"आन मंग तो वॉर्डन येऊन म्हने का..." देवाजींना सांगता सांगता हसू आवरेना. "अबे, तुले आठवते का..."

"देवा," जितेंद्र हळूच म्हणाले, "बाईंसमोर नीट बोल."

देवाजींनी घसा साफ केला. "तर मग वॉर्डन आले आणि म्हणाले..." पण गोष्टीतला जीव गेला होता. ती संपली तेव्हा कोणीच हसलं नाही. जितेंद्रांनी तिला कोकणातल्या हवेबद्दल विचारलं.

तो अवघडलेपणा मोडावा म्हणून मेघाने मोबाइल काढला. "काकांचे व्हॉइस मेसेज आहेत बाबांच्या ग्रुपवर. ऐकता का?" आणि हो-नाही म्हणायच्या आत तिने एक लावला.

"देवा, काय करून राहिला बे? मी गॅलरीत बसून राहिलो. इकडे अशी हवा हाय का कपडे तीन-तीन दिवस वायत नाही. सिंधूले सांग, तिच्या हातची वांग्याची भाजी लय आठवून राहिली मले. बाई शाळेत गेली. घरी कोनी नाही, म्हून जरा तोंड मोकळं करून घेऊन राहिलो."

आवाज त्यांचाच होता. पण असा भरलेला, उड्या मारणारा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"मेघा, बंद कर ते," देवाजी म्हणाले.

"असू दे," सुभद्रा म्हणाली. "पुन्हा लाव."

मेघाने पुन्हा लावला. दुसऱ्यांदा ऐकताना तिला तो दिवस आठवला. लग्नाला महिनाही झाला नव्हता. तिचा भाऊ आणि भावजय जेवायला आले होते. संघपाल म्हणाले, "मले भात नको, पोयी दे," आणि पंगत हसली. तीही हसली. नंतर आत भांडी ठेवताना ती नव्या बी.एड.च्या तोऱ्यात म्हणाली, "मले नाही, मला. चारचौघांत तरी नीट बोलत जा." ते म्हणाले, "बरं."

एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. त्यानंतर ते नीट बोलले. पुढे हा प्रसंग तिने शिक्षकखोलीत कितीदा तरी गंमत म्हणून सांगितला होता: आमच्या ह्यांना मी महिन्याभरात सुधारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवाजी अंगणात एकटेच ऊन खात बसले होते. ती समोर जाऊन बसली.

"भाऊजी, खरं सांगाल? माझ्याबद्दल काय म्हणायचे ते?"

"चांगलंच म्हणायचा, वहिनी. तुमचं फार कौतुक होतं त्याला."

"तसं नाही. बोलण्याबद्दल."

"इथे आला की पहिल्या दिवशी थांबायचाच नाही," देवाजी म्हणाले. "आम्ही म्हणायचो, अरे श्वास घे. तर म्हणायचा..." ते अडखळले.

"त्यांच्याच शब्दांत सांगा."

"म्हणे, 'सालभर शुद्ध बोलून बोलून माहे जबडे दुखून राहिले बे.'" मग घाईने पुढे म्हणाले, "हसूनच सांगायचा. मनाला लावून घेऊ नका."

"हसून?"

"हाव. हसून."

तिला त्या शब्दाचा आधार वाटायला हवा होता, पण वाटला नाही. नवरा हसून सांगायचा, आणि ते हसू तिने पाहिलंच नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. तिने सकाळपासून मनात घोळवलेलं वाक्य अखेर तोंडातून काढलं. "सिंधूताई, मले थोडी भाजी दे वं."

सिंधूताईचा हात तसाच राहिला. मेघाने मान खाली घातली. देवाजींना एकदम हसू फुटलं, प्रेमाचंच, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. सिंधूताईने दोन डाव भाजी वाढली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण सुभद्राच्या स्वतःच्याच कानांना ते कळलं होतं. स्नेहसंमेलनातल्या नाटकात बाई खेडवळ आजीचं काम करतात, तसं वाजलं होतं ते. इतक्या वर्षांनी घेतलेला शब्द तोंडात बसत नव्हता.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मी जरा एकटीच फिरून येते." सिंधूताई सोबत यायला निघाली, पण तिने नको म्हटलं.

बाजाराचा रस्ता माणसांनी फुलला होता. ई-रिक्षा हॉर्न वाजवत आडव्या घुसत होत्या, आणि सगळीकडून तेच बोलणं येत होतं. "कशी देल्ली भाजी?" "चाल ना गा, उशीर होऊन राहिला." "मले नाही मालूम." कोणी तिच्यासाठी आवाज उतरवत नव्हतं. ती कोण, हे इथे कोणाला ठाऊकच नव्हतं. गर्दीच्या मधोमध ती सावकाश चालत राहिली. मागून एखादा पुरुषी आवाज आला की मान वळे, मग ती स्वतःला आवरे.

एका पानठेल्यापाशी साठीचा एक गृहस्थ उभा होता. तिने उगाचच, मेट्रोच्या नकाशात वाचलेलं नव्हे तर देवाजींच्या बोलण्यात आलेलं एक नाव घेतलं. "हुडकेश्वरला कसं जायचं हो?"

"हुडकेश्वरले? पायी नोका जाऊ बाई, दूर पडते. तो समोर चौक दिसून राहिला ना, तिथून ऑटो भेटते. त्याले सांगजा, हुडकेश्वर नाक्यावर उतरवून दे म्हना."

तिला सगळं समजलं होतं. तरी ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांगता का?"

त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी हातवारे करून, जास्तच खुलवून. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"कोन हाय तिथं तुमचं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग काहून जाता?"

तिने त्याचे आभार मानले. तो पाहत होता, म्हणून ती त्याने दाखवलेल्या दिशेला चौकापर्यंत चालत गेली, थांबलेल्या ऑटोंच्या आडोशाला थोडा वेळ उभी राहिली, आणि मग दुसऱ्या गल्लीने नंदनवनाकडे परत निघाली.