बिननवसाची बाई

घाटाच्या वरच्या अंगाला, आंबोलीच्या रस्त्यावर, सत्यवानाचं चहाचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला लागून घर. एस.टी. थांबली की ड्रायव्हर आधी चुलीकडे बघायचा, मग सत्यवानाच्या बायकोच्या, सुगंधेच्या, कडेवरच्या बाबलीकडे. बाबलीला नुकतेच दात येत होते. जे मिळेल ते ती चावायची. आईचा खांदा, मंगळसूत्र, ड्रायव्हरचं बोटसुद्धा.

त्या दिवशी दुपारची गाडी गेली, धूळ बसली, आणि त्याच रस्त्यानं एक बाई लंगडत आली. पाठीवर खाकी पिशवी, हातात काठी, पातळ वर खोचलेलं. सोबत कोणी नाही. ती बाकड्यावर टेकली, कॅनव्हासचे बूट काढले, आणि सुगंधेच्या तोंडून "अगे बाये" एवढंच निघालं. टाचेचं कातडं सोलवटून गेलं होतं आणि मोजा मांसाला चिकटला होता.

"खयसून इलात?"

"कोल्हापूरहून. मी सुनीती. तिथं शाळेत शिकवते."

"गाडी मोडली काय वाटेत?"

"नाही हो, चालतच निघालेय. मालवणला जायचंय." मग ती ओशाळून म्हणाली, "पण हा पाय आता दोन दिवस तरी टेकवत नाही. इथं कुठं पडायला जागा मिळेल का?"

सुगंधा तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यात चहा पिणारे काशिनाथ गावकर बशी खाली ठेवून उभे राहिले आणि त्यांनी बाईंना हात जोडले. काशिनाथ गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचे ते, आणि "व्हय म्हाराजा" म्हणायचं बाकीच्या गावानं, असा शिरस्ता. देवळाबाहेरही तो फारसा बदलत नसे. माघाचे दिवस होते, मसुऱ्याला आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तोंडावर आलेली. एस.टी. असताना बाईमाणूस पायी चाललीय, तर ती नवस फेडायलाच, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. बाईंना विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

"सुगंधा, आईच्या वाटेवरचा माणूस आसा. ऊन पाणी दी. पडवी सारवलली आसा मा?"

मग काय विचारता. दिवे लागायच्या आत वाडीतल्या बायका पडवीत हजर. सुनीती मिठाच्या ऊन पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसलेली. बायका येत, तिच्या पायांवर हात लावून कपाळाला लावत, आणि शेजारी एकेक नारळ ठेवून जात. "आमचो नारळ आईक पोचव गो. सुनेक दिवस रव्हले तर म्हणा वटी भरतलंव." जी कधी सुगंधेला उसनं मीठ द्यायची नाही तिनंही नारळ आणला. म्हातारी तुळसा गुडघे धरत धरत चढ चढून आली आणि तिनं भिरंडेलाचा गोळा आणला. कोकमाच्या बियांचं ते तूप तापवून तिनं स्वतःच्या हातानं सुनीतीच्या टाचेला लावलं.

सुनीतीनं डोळे उघडले तेव्हा नारळांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता.

"किती माया करता तुम्ही," ती म्हणाली. "पण एवढे नारळ मी एकटी कशी खाऊ?"

पडवीत कोणी हसलं नाही. सुगंधेनं वाकून तिला सगळं सांगितलं. सुनीतीचा चेहरा पडला. ती हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा नवस नाही. मी आंगणेवाडीला जाणारही नाही. तुमचे नारळ देवीला पोचवते म्हणून ठेवून घेतले तर ती फसवणूक होईल. घेऊन जा."

"मगे चलतंस कित्याक?" कोणीतरी विचारलं.

"मुलींना भूगोल शिकवते. घाट उतरला की कोकण, कोकण संपलं की समुद्र, असं फळ्यावर किती वर्षं लिहितेय. एकदा पायांनी बघावं म्हटलं."

बायका एकमेकींकडे बघत उठल्या. नारळ उचलले गेले. तुळसा कण्हत उठली.

काशिनाथ अंगणातूनच बोलले, तेही सत्यवानाशी. "देवीच्या नावाचो नारळ परत केल्यान. घर सोडून रानोमाळ फिरता, वर सांगता भूगोल. सकाळच्या गाडयेत बसव तिका. नाय बसवलंस तर तुझ्या बाकड्यार गावातलो कोण बसूचो नाय."

ते गेले. सुगंधा चुलीपुढे बसून बाबलीला पाजत होती आणि संतापानं चुलीत लाकडं अशी आदळत होती की बाबली दूध सोडून तिच्या तोंडाकडे बघू लागली. "पी गो माझ्या बाय," ती म्हणाली, "तुझ्यार नाय रागावलंय." मघाशी ज्या पायांना हात लावून कपाळाला लावला, तेच हे पाय. फोड तोच, रक्त तेच. नवसाचं रक्त म्हणून पूजायचं, आणि नवस नाही म्हटल्यावर त्याच पायांना हाकलायचं? सुगंधा स्वतः मसुऱ्याची. लग्न होऊन गाडीत ओकत ओकत हा घाट चढली, त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडली ती कारण हातात धरूनच. पाणी आणायचंय, लाकडं आणायचीत, बाळंतपण आहे, कोणी मेलंय. बाईनं पाऊल टाकायचं तर आधी कारण दाखवायचं. आणि काशिनाथकाका रोज संध्याकाळी तळ्यापर्यंत कशाला जातात, ते त्यांना कोणी विचारलंय?

"तू जीव जाळू नको," सत्यवान म्हणाला. "मी बघतंय काय ता." तो स्वभावानं लोण्यासारखा, कोणाचा चहासुद्धा त्यानं कधी कडक केला नाही. कंदील घेऊन तो काशिनाथांकडे गेला आणि हसत परतला. "मिटला. नवस उघड बोलायचो नसता, म्हणान ती नाय म्हणता, असा सांगलंय. काका म्हणाले, माका आधीच वाटला होता. सकाळी बायका नारळ घेवन परत येतली."

सुगंधेला त्या हसण्याचा राग आला, आणि दुसरं काही सुचेना याचा त्याहून जास्त.

सकाळी ती पडवीत गेली, तर सुनीती भिंतीला धरून त्या सुजलेल्या पायात बूट कोंबत होती. कपाळावर घाम.

"रात्री ऐकलं मी," ती म्हणाली. "तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे. पण ते नारळ मी घेऊ शकत नाही आणि तुमच्या धंद्यावर पायही देऊ शकत नाही. गाडी कितीला आहे?"

सुगंधा पुढे झाली. तिच्या हातातून बूट काढून घेतले, दोन्ही, आणि चुलीवरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे टाकले. मग बाबलीला कडेवर मारून ती दुकानाच्या तोंडाशी उभी राहिली. बायका चढ चढून येतच होत्या. मागून काशिनाथ.

"नवस नाय," सुगंधा म्हणाली.

"आमका ठावक आसा गो, बोलायचो नसता," पुढची एक बाई म्हणाली.

"बोलायचो नसता न्हय. नायच आसा. आमच्या घोवान खोटा सांगल्यान. तिका चलाचा होता म्हणान ती चलली. पाय दुखावलो म्हणान हय रव्हली. पाय बरो होयसर ती माझ्या पडवीत रव्हतली. नारळ ठेवचो तर दुखणेकरणीक म्हणान ठेवा, सार करून घालतंय तिका. देवीचो म्हणान ठेवचो तर घेवन जावा, माझ्या घरात देवीच्या नावार खोटा नको."

सत्यवान चहाची गाळणी हातात घेऊन तसाच उभा. काशिनाथांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"ह्या तुझो घोव सांगता काय तू?"

"मी सांगतंय, काका."

त्यांनी पाठ फिरवली. बायका फिरल्या. रस्त्यावर तुळसा एकटी उरली, धापा टाकत, ओच्यात नारळ घेऊन.

"तू जा गो आये, तुका काय तरी बोलतले," सुगंधा म्हणाली.

"ह्यो चढ आता परत कोण उतरतला लगेच," तुळसा करवादली. "सरक. पाय बघूंदे तिचो. आणि नारळ फोड, सकाळपासून माझ्या पोटात काय नाय."

दिवसभर गावातलं कोणी बाकड्यावर आलं नाही. दुपारच्या गाडीचे लोक आले, चहा पिऊन गेले. सत्यवान कपबशा विसळत हळूच म्हणाला, "उद्या पण येवचे नाय."

"नाय येवंदेत."

"परवा?"

सुगंधेनं कपबशा त्याच्या हातातून घेतल्या. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. पडवीत सुनीती पाय उशीवर ठेवून गाढ झोपली होती, आणि तिच्या पोटाला पाठ लावून बाबलीही.