कापसाच्या खोलीतला हिटर

आमच्या नवऱ्यानं उभ्या जल्मात घरचं एक काम केलं, अन् त्याच दिवशी माह्या तोंडचं पाणी पळालं.

त्या साली कापसाले भाव नव्हता. आज ना उद्या चढंल म्हणून गावात ज्याच्या त्याच्या घरी कापूस भरून होता. आमचाबी मधल्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. त्यातच ममता, माही पोरगी, बाळंतपणाले आली. बाकीच्या घरात थंडगार वारं शिरे, म्हणून तिची अन् बाळाची बाज त्याच खोलीत टाकली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागते, पण कापसाजवळ निखारा कोण ठेवंल बाप्पा? म्हणून माह्या पोरानं, धम्मरत्ननं, नागपुरातून तेलाचा हिटर पाठवला. उभ्या लोखंडी पट्ट्या अन् खाली चाकं.

मी फोनवर इचारलं, "याच्यात तेल कधी टाकाचं?"

तो हासला. म्हणे, "आई, तेल आतच बंद हाये, टाकाचं नाही. फक्त त्याच्यावर कपडे टाकू नोको, कापसापासून दूर ठेव, अन् कोणी ध्यान द्याले नसलं का पिन काढून ठेव."

मी हे सारं नवऱ्याले सांगतलं. नागोरावनं निस्ती मान हालवली. त्या माणसाची मान बैलासारखी, माशी बसली तरी हालते.

त्या दिवशी सकाळीच लाईन गेलती. लोडशेडिंगच्या टाइमानं ती दुपारी येणार होती. ममता झोपली होती, म्हणून मी धुणं घेऊन हापशीवर गेली. जराशानं नागोराव आला, मोठा खुशीत.

"बाळाचे लंगोट वाळू घातले," म्हणे.

"कुठी?"

"त्या हिटरवर. लाईन नाही तं तो काय करते?"

"बटन बंद हाये का त्याचं?"

"मले काय समजते बंद कोणतं अन् चालू कोणतं. अन् आयक, बकऱ्या शिरून राह्यल्या होत्या कापसात, म्हणून बाहेरून कडी लावून आलो. उगाच कायले घाबरतं?"

मी त्याले काही बोलणार, तेवढ्यात बाबुलालची चक्की धडधडाले लागली. लाईन टाइमाच्या आधी आली होती. हापशीवरच्या बाया खुश झाल्या, एक जण दळण आणाले उठली.

धुणं तिथंच टाकून मी पळाली. चप्पल कुठी गेली पत्ता नाही. लोक इचारत होते, काहून पळता मथुराबाई, पण मी थांबली नाही. शेगडी टाळली अन् आगीतून फुफाट्यात पडलो, एवढंच डोक्यात. माह्या पोरीले काही होऊ नये, माह्या नातवाले काही होऊ नये.

ओसरीवर पोचली तं जळक्या कपड्याचा वास. आधी मेन स्विच खाली ओढला, मंग कडी काढली. ममता दाराशीच जमिनीवर बसली होती, बाळ पदरात गुंडाळलेलं. खोलीत धूर कोंडला होता. बाळ रडलं, तवा माह्या जीवात जीव आला. दोघायले अंगणात काढलं अन् घागरीवर घागर ओतली. एक लंगोट खाली घसरला होता, अन् त्याच्याजवळचा कापूस आतून काळा होऊन धुमसत होता.

नागोराव धापा टाकत आला. वल्ला कापूस पाहून म्हणाला, "सारा भिजवला तुनं?"

मी त्याले फाडून खाल्लं असतं. पण ममता बोलली. तिचा आवाज बसला होता.

"बाबा, पिन कापसाच्या मागं होती. तिकडूनच धूर येत होता, मले जाता नाही आलं. दार ठोकलं, हाका मारल्या. चक्कीपायी कोणाले आयकू गेलं नाही. कडी कोणं लावली होती?"

नागोरावनं घरातून सांडशी आणली अन् चौकटीतली कडी उपटू लागला. सांडशी घडोघडी सुटे. शेवटी ती मी हातातून घेतली, अन् त्याले बाळाजवळ बसवलं.