कुसुमताईंचा लायटर

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर माझं बोलणं पंख्याच्या आवाजात जाईल. बुवांची गाडी डांगे चौकात अडकली आहे म्हणे; ते येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. राजाराणीची नाही, साधुसंतांचीही नाही. खिशात मावणाऱ्या एका लायटरची आहे. पण कीर्तनाला बसलेल्या माणसाने ऐकावी, इतकी ती चांगली आहे.

तर चिंचवड स्टेशनाजवळ रणजीतचं दुकान. घड्याळं, पट्टे, पाकिटं आणि काचेखाली लायटर. आपल्या थेरगावच्या नवनाथभाऊंनी तिथे एक पितळी लायटर काढून ठेवला. चाकणच्या कंपनीत त्यांच्याबरोबर अजिंक्य म्हणून एक जण होता, त्याने सिगारेट सोडली तेव्हा तो यांना देऊन टाकलेला.

रणजीतने झाकण उघडलं. "कवच एक नंबर आहे, काका. आतला भाग मात्र पार गंजलाय. तोच बदलून देतो. गॅसचा टाकू का फ्लुइडचा?"

"फरक काय पडतो?"

"गॅसचा म्हणजे बटण दाबा, निळी ज्योत. वास नाही, भरून ठेवला की भरलेला राहतो. फ्लुइडवाल्यात आत कापूस आणि वात असते. चाक फिरवायचं, पिवळी ज्योत. वाऱ्यात टिकते, पण पेट्रोलसारखा वास येतो. आणि वापरा नाहीतर नका वापरू, आठवड्याभरात सुकतो."

नवनाथभाऊ मेन्टेनन्सचे माणूस. त्यांनी गॅसचा अंगठ्याने दाबून पाहिला. सूं करून निळी, सरळ ज्योत आली. त्यांचं समाधान झालं. "हाच टाक. देवाच्या कामाला पाहिजे, वास नको."

"देवाच्या कामाला लायटर?" रणजीत हसला. "बिडी ओढणारा देव आहे का काय तुमचा?"

"बायकोला पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

त्यांची बायको म्हणजे कुसुमताई. लग्न करून बीडकडून थेरगावात आल्या, तेव्हापासून आपल्या या देवळात कीर्तनाआधी समई लावायची सेवा त्यांची होती. पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्रावर, वॉशर काढत असत. एके दिवशी प्रेस नको तेव्हा खाली आला आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. हात बरा झाला. पण काडी त्या हातात टिकेना, ओढताना निसटायची. स्वयंपाकघरातली ती गॅस पेटवायची बंदूक असते ना, तिचा चाप ज्या बोटाने ओढायचा तेच बोट नव्हतं. डावा हात धडधाकट होता. पण देवाचा दिवा डाव्या हाताने लावायचा नाही, ही रीत त्यांच्या अंगात मुरलेली. तेव्हा समई शालनबाई लावू लागल्या. शालनबाई म्हणजे इथल्या जुन्या घरातल्या, देवळाच्या सगळ्या कामात त्यांचा शब्द. "तू बस गं निवांत, मी लावते," असं म्हणायच्या, तेही मायेने. कुसुमताई बसायच्या. कीर्तन ऐकायच्या, टाळ्यांना साथ द्यायच्या. पण घरी जाताना एकदा नवनाथभाऊंना म्हणाल्या, "देवळात आता मी पाहुणी झाले बघा."

त्या एका वाक्यापायी तो लायटर कपाटातून निघाला होता.

घरी आल्यावर नवनाथभाऊंनी मोठ्या हौसेने तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी देवघरातल्या समईपुढे बसून बटण दाबलं. ज्योत आली आणि गेली. दाबून धरायला अंगठ्याला जोर हवा, आणि जोर द्यायचा तर मागून बोटांचा आधार हवा. लायटर प्रत्येक वेळी तळव्यात कलंडायचा. एकदा कसाबसा धरला, तर त्या सूं करणाऱ्या ज्योतीने तेलातली वात तडतडली, काळी पडली आणि विझली.

"जरा नेट लाव की," नवनाथभाऊ म्हणाले.

कुसुमताईंनी लायटर खाली ठेवला. "अहो, दुकानात हे कोणाच्या हातानं दाबून बघितलंत?"

"कोणाच्या म्हणजे? माझ्याच."

"मग तुमच्यासाठीच आणलाय तुम्ही."

त्या रागाने बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच नवनाथभाऊंना ते फार लागलं. आयुष्यभर यंत्र बसवताना ते चालवणाऱ्याला उभं करून उंची बघायचे. घरात मात्र विसरले. पुढच्या सुट्टीला दोघंही रणजीतच्या दुकानात गेले.

रणजीतने फ्लुइडचा भाग पुढे केला. चाक फिरवायला कुसुमताईंचा हात काउंटरवर आला तसा तो उगाच वरच्या घड्याळांकडे पाहू लागला.

"तिकडं काय बघायलास, भाऊ? इकडं बघ. हे चाक जड हाय, सैल कर."

रणजीत ओशाळला. त्याने चाक सैल केलं, आतला कापूस भिजवला, कवचात बसवून दिला. कुसुमताईंनी अंगठा फिरवला. नुसती ठिणगी. पुन्हा फिरवला, पुन्हा ठिणगीच. मग एकदम वातीभोवतीच्या जाळीतून पिवळी, मऊ ज्योत वर आली. त्यांनी दचकून अंगठा काढला. ज्योत तशीच. त्यांनी लायटर काचेवर उभा ठेवला आणि हात मागे घेतला. ज्योत तरी तशीच.

"अहो, हे धरून ठेवावं लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"पण वास येतो. आणि दर वेळी भरावा लागणार."

"वाती नाही का वळत मी दर वेळी? तसं हे भरीन."

रणजीत म्हणाला, "काकू, गॅसचा परत घेतो मी. काका तसेही नीट न विचारताच घेऊन गेले होते."

"विचारलं होतं!"

"मला नव्हतं विचारलं," कुसुमताई म्हणाल्या.

एकादशीला कीर्तन होतं. कुसुमताई सगळ्यांच्या आधी आल्या. समईत तेल घातलं, वाती सारख्या केल्या आणि लायटरचं झाकण उघडलं. वास पसरला तशा शालनबाई लगबगीने आल्या.

"अगं बया! देवापुढं पेट्रोल? न्हाई गं बाई, हितं न्हाई चालायचं. जा, तू बस. मी हाय की."

काडेपेटी त्यांच्या हातात होतीच. कुसुमताईंनी झाकण बंद केलं. वळल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"मावशी, तुम्ही माया करता ते कळतं मला. पण माझी बोटं मशीननं नेली. सेवा मशीननं नव्हती नेली."

शालनबाईंची काडी पेटीवरच राहिली. "म्हंजी? तुला लावायची व्हती व्हय? मला वाटलं, दुखतंय तुला."

"दुखत नाही आता."

"मग त्वांडानं बोलायचं न्हाईस? येडी कुठली!" त्यांनी काडी पेटीत परत ठेवली आणि म्हणाल्या, "ह्ये बघ, वास आत नको. भाईर पायरीवर पेटव आन काकडा घिऊन आत ये. मंग देवाला तुपाचाच इस्तू जाईल."

काकडा म्हणजे कापडाची जाड वात, तुपात भिजवलेली. कुसुमताईंनी लायटर पायरीवर उभा केला, चाक फिरवलं. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिच्या वाऱ्याने ज्योत आडवी झाली. पुन्हा उभी राहिली. उजव्या हाताच्या उरल्या बोटांत आणि अंगठ्यात काकडा धरून त्यांनी तो ज्योतीवर नेला. लायटर धरून ठेवायचा नव्हता, घाई नव्हती. काकडा पेटला, झाकण खट्‌दिशी मिटलं, आणि त्या उंबरा ओलांडून आत आल्या.

चार वाती लागल्या. पाचवी घेईना. काकडा बोटांतून घसरू लागला तसा कोणीतरी मदतीला पुढे वाकलं.

"हात मागं घे," शालनबाई म्हणाल्या. "सेवा तिची हाय."

पाचवी लागली. तोवर पखवाज सुरात आला होता आणि मंडळी बुवांकडे वळली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायचं कारणही नव्हतं. समई लागली, कीर्तन सुरू झालं.

त्या दिवशी तीर्थ वाटायला मी होतो. कुसुमताईंनी पदराबाहेर काढून उजवा हात पुढे केला. पळीतलं पाणी गेलेल्या बोटांच्या फटीतून ओघळलं. त्यांनी डावा तळवा खाली धरला, जेवढं राहिलं तेवढं प्यायल्या आणि ओला हात डोळ्यांवरून, केसांवरून फिरवला. मी आणखी एक पळी घालू लागलो, तर मान हलवली. पुरे म्हणाल्या.

नवनाथभाऊ निवृत्त झाले आणि दोघं गावी गेली, कायमची. समई आता दुसरं कुणी लावतं.

ते बघा, बुवा आले, पादत्राणं काढतायत. मी थांबतो. एवढंच करा, पहिला नामघोष उठेल तेव्हा तुमच्या आवाजात कुसुमताईंसाठी थोडी जागा ठेवा. आणि भोसरीत, चाकणला या घटकेला प्रेसखाली हात घालून बसलेल्या आयाबहिणींची आठवण असू द्या.