बांग देणाऱ्या शेखचा चष्मा

डॉक्टर वहबी पॅरिसहून डोळ्यांची विद्या शिकून इजिप्तमधल्या आपल्या गावी, दुम्यातला परतला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याची नवीकोरी सुरी पेटीतच पडून होती. लोक येत नव्हते असं नाही. डोळे आलेली पोरं येत, खुपऱ्या झालेल्या बाया येत, थेंब घालून घेत, तोंडभर दुवा देत आणि बदकाची अंडी ठेवून जात. पण मोतीबिंदू कापायचं नाव काढलं की सगळे आपापले जोडे शोधू लागत. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. बाजारातला न्हावी सुईनं मोतीबिंदू आत ढकलून द्यायचा. थोडे दिवस माणूस देखता व्हायचा, पोराबाळांना बघून घ्यायचा आणि मग कायमचा अंधार. वहबीला हवा होता एकच माणूस, अख्ख्या गावाला ठाऊक असलेला, आंधळा आत जाईल आणि देखता बाहेर येईल असा.

असा माणूस समोरच होता. कोळीवाड्याच्या मशिदीत बांग देणारा शेख बयूमी. त्याचा आवाज नाईल नदीच्या पलीकडे जायचा आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असा पिकला होता की वहबीच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"शेखबाबा, एका सकाळचं काम आहे. दिसायला लागेल तुम्हाला."

"हळू बोल, लेका!" शेखनं त्याचा हात दाबला. "कुणी ऐकलं तर माझी भाकरी जाईल."

वहबीनं कपाळाला हात लावला. याच गल्लीत वाढलेला माणूस तो, आणि पॅरिसात एवढी साधी गोष्ट विसरून आला! मिनारावरून वस्तीतली प्रत्येक गच्ची उघडी दिसते. गच्चीवर बाया केस वाळवतात, पोरं न्हाऊ घालतात, बुरखा खुंटीला टांगून मोकळ्या बसतात. म्हणून तर मिनारावर आंधळाच चढवायचा, हा रिवाज. शेखचे डोळे गेले होते म्हणूनच त्याला ही जागा मिळाली होती.

विषय तिथंच संपायचा. पण आठवडाभरानं शेखच काठी टेकत दवाखान्यात आला.

"माझा निकाह डोळे गेल्यावर झाला," तो म्हणाला. "नफूसाच्या हातचं खातो, तिची बोलणीही खातो. पण ती दिसते कशी, हे गावातल्या गाढवालाही ठाऊक आहे. मला सोडून."

"आणि मिनाराचं काय?"

"ते अल्ला बघेल. आधी मला बघू दे."

खिडकीच्या उजेडात शेखला बसवलं, मदतनिसानं डोकं घट्ट धरलं आणि सुरी एकदाची पेटीबाहेर आली. एक अर्धगोल छेद, हलकासा दाब, आणि मसुरीच्या दाण्याएवढा मळकट मणी अलगद बाहेर घसरला. वहबीनं दुसरा डोळाही तसाच मोकळा केला. मग डोळ्यांवर पट्ट्या बांधून शेखला उताणं निजवलं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. नफूसा चमच्यानं भरवताना मुद्दाम शेजारणींच्या गमती सांगायची आणि वहबी तिच्यापुढं हात जोडायचा. मिनारावर तोवर एक बदली आंधळा चढत होता. त्याचा आवाज ऐकून वस्तीतली बदकं उत्तर द्यायची.

जखमा भरल्या, पट्ट्या सुटल्या. शेखला उजेड दिसला, रंग दिसले, पण सगळं धूसर.

"तो मणी म्हणजे डोळ्यातलं भिंग होतं," वहबीनं समजावलं. "आतलं काढलं, आता बाहेर लावायचं."

अलेक्झांड्रियाहून बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. तो नाकावर चढवून शेख नफूसाकडे बघत बसला. बघतच बसला.

"अहो, बोला की काहीतरी!" ती कावरीबावरी झाली.

"थांब गं. अजून बघून झालं नाही."

दुसऱ्याच दिवशी उम्म बदावी दवाखान्यावर चालून आली. कोळीवाड्यातल्या बायांची ही सरदारीण. पाठीमागे तिची फौज होतीच.

"काय रे वहबी! तुला कडेवर खेळवलाय मी, म्हणून सरळ विचारते. आमच्या शेखचे डोळे उघडायला तुला सांगितलं कुणी?"

"मावशी, तो आंधळा होता!"

"म्हणूनच तर आमचा होता! आता आम्ही केस कुठं वाळवायचे, तुझ्या डोक्यावर? आणि त्या बदलीवाल्याची बांग ऐकून माझं दही नासायला लागलंय. ते काही नाही. होते तसे डोळे परत घाल!"

आता मात्र वहबी घाबरला. शेखची भाकरी गेली तर ती आपल्या सुरीनं गेली, असंच गाव म्हणणार. मग या दारात कोण पाऊल टाकतो? आणि त्याहून वाईट म्हणजे, तसं म्हणणं खरंच असणार होतं. तो विचार करत राहिला आणि एकदम उठला.

"मावशी, चष्म्याशिवाय शेखबाबांना काही ओळखू येत नाही. वर चढताना चष्मा तुमच्या ताब्यात, उतरले की परत. मग तर झालं?"

"तुझ्या शब्दावर मी बुरखा उतरवू? परीक्षा घेईन."

दुपारच्या बांगेआधी शेख चष्म्याविना मिनारावर चढला. उम्म बदावी चष्मा मुठीत धरून समोरच्या गच्चीवर उभी राहिली, अवतीभवती बाया, त्यांतच नफूसा. वहबी देखता, त्यामुळं त्याला खाली गल्लीतच उभं राहावं लागलं. त्याचे कान तेवढे वर होते.

"ए शेख!" उम्म बदावी ओरडली. "यांतली तुझी बायको कुठली, सांग!"

वहबीला घाम फुटला.

"ती काय!" शेख गरजला. "त्या कोपऱ्यातली, चांगली जाडजूड, उन्हात गप्प बसलीय ती!"

गच्चीवर हास्याचा असा स्फोट झाला की खाली गाढव बुजलं. कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता.

"रांजण? मी रांजण?" नफूसाचा आवाज आला. "घरी या तुम्ही! याच तुम्ही घरी!"

"पुरे, पुरे," उम्म बदावी डोळे पुसत म्हणाली. "देखता नवरा असं बोलायची छाती करणार नाही. दे बाबा बांग!"

आणि शेखनं बांग दिली. इतक्या दिवसांनी तो आवाज वस्तीवर पसरला तेव्हा वहबीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर त्याच्याकडं थेंब नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसायला जागा नव्हती. उम्म बदावी आपल्या आंधळ्या नवऱ्याला दंडाला धरून सगळ्यांच्या पुढं. गर्दीतून वाट काढत शेख आत आला आणि त्यानं वहबीला कोपऱ्यात ओढलं.

"एक सांगायचंय. काल वरून चेहरे दिसले नाहीत, देवाशपथ. नुसते रंगांचे डाग. पण एक पिवळा डाग कमरेवर हात ठेवून उभा होता आणि उम्म बदावीच्या प्रश्नावर हसताना सगळाच्या सगळा हलत होता."

वहबीचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही ओळखलं?"

"स्वतःची बायको ओळखायला भिंग लागतं होय? खोटं बोललो खरा, त्याचा हिशेब मी वरती देईन. पण तेवढं बोललो आणि डोळे मिटले. मिटूनच बांग दिली. आज पहाटेही मिटूनच चढलो, मिटूनच उतरलो. पायऱ्या तर पाठच आहेत. मरेपर्यंत असंच चालेल. त्या बायांनी माझ्यावर विश्वास टाकलाय."

इतक्या वर्षांनी मिळालेली नजर हा म्हातारा दिवसातून पाच वेळा आपण होऊन मिटून घेणार होता. वहबीनं खाली वाकून शेखच्या हाताचं चुंबन घेतलं.

"अरे, ते राहू दे. आधी हा चष्मा नीट पुसून दे," शेख घाईघाईनं म्हणाला. "नफूसा कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. ती रागावलेली कशी दिसते ते बघायला चाललोय."