बारा जणांची शपथ

१९३८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाची एक फिल्म कंपनी आमच्या केंडल्स फोर्डला आली आणि पाच दिवस आमचं कोर्ट तिच्या ताब्यात होतं. चित्रपट पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या एका वकिलाच्या तरुणपणावर होता. त्याच्या नावाचे रस्ते आणि शाळा आमच्या इलिनॉयमध्ये गावोगावी आहेत. तो आमच्या कोर्टात कधी उभा राहिला होता की नाही, याचा कागद कोणाकडे नाही. गाव म्हणतं, राहिला होता.

मी हायस्कूलमध्ये पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवते. कंपनीत शॉटच्या नोंदी ठेवणारी मुलगी आजारी पडली, म्हणून मला बोलावलं. टोपी कोणत्या हातात होती, खिडकी किती उघडी होती, शॉट किती सेकंद चालला, एवढंच लिहायचं. शाळेचं स्टॉपवॉच मी बरोबर नेलं होतं.

दिग्दर्शक मिस्टर हॅलोरन यांना ज्युरीत शेतात राबलेले चेहरे हवे होते. बारा जण गावातलेच निवडले. माझे वडील, ओरिन स्टॉकवेल, ज्युरीचे प्रमुख. शेजारच्या खुर्चीत गस लिंडहोम, आमचा न्हावी. कंपनीने महिनाभर आधी कळवून सगळ्यांना दाढ्या वाढवायला लावल्या होत्या, त्यामुळे गस सगळ्यांवर खार खाऊन होता.

शेवटच्या दिवशी सकाळी शपथेचा शॉट होता. पटकथेत एकच ओळ होती: ज्युरी शपथ घेते. हॅलोरननी विचारलं, "म्हणजे नक्की काय म्हणतात?" कंपनीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मग पर्डीकाकांना घरून आणलं. ते चाळीस वर्षं या कोर्टाचे कारकून होते. वय एकोणऐंशी. काखेत कोर्टाचं बायबल घेऊन आले आणि कॅमेरा कुठे आहे हेही न पाहता त्यांनी बाराही जणांना एकेक करून उभं केलं. पुराव्याला धरून खरा निकाल देईन, देव मला साहाय्य करो. वडील पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "देईन." ते याआधी चार वेळा ज्युरीत बसले होते. त्यातल्या एका खटल्याबद्दल ते घरी कधीच बोलले नाहीत.

मग साक्षीचा शॉट झाला. चित्रपटातला खटला असा: गिरणी जाळल्याचा आरोप एका मजुरावर आहे आणि समोरच्या टेकडीवरचा शेतकरी सांगतो, आग लागल्यावर पळताना मी त्यालाच पाहिलं. साक्षीदाराचं काम करणारा नट झकास बोलला. ज्युरीतल्या दोघांनी आरोपीकडे अशी नजर टाकली की त्या बिचाऱ्याने खुर्ची मागे सरकवली.

दुपारी चर्चच्या बायकांनी आणलेली, पीच भरून भाजलेली गोड 'पाय' खाऊन सगळे परत आले. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत येत होतं. हॅलोरनना निकालाचा शॉट त्या उन्हातच हवा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कंपनी जाणार होती. वडिलांनी उठायचं, कॅमेऱ्याकडे पाहायचं, "निर्दोष" म्हणायचं. मग गर्दीने टोप्या उडवायच्या.

वडील उठले. "मिस्टर हॅलोरन, आम्हाला अजून निकाल देता येणार नाही."

"विसरलात का? एकच तर शब्द आहे."

"शब्द पाठ आहे. पण आम्ही फक्त एका बाजूचा साक्षीदार ऐकलाय. वकिलाने त्याला काही विचारलंच नाही."

"ते तिकडे स्टुडिओत घेणार आहोत. पुढच्या आठवड्यात."

"मग निकालही पुढच्या आठवड्यात तिकडेच घ्या."

गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "ओरिन, लेका, हा सिनेमा आहे! गिरणी जळलेली नाही!"

"पर्डीने विचारलं तेव्हा मी 'सिनेमापुरतं' म्हणालो नव्हतो," वडील म्हणाले. "तू म्हणाला होतास, गस?"

गसने दाढी खाजवली. "नव्हतो. आणि खरं सांगू? आत्ता विचारलंत तर माझ्या मते तोच जाळणारा आहे."

गॅलरी खदाखदा हसली. ते हसणं वडिलांवर होतं आणि हसणाऱ्यांत त्यांच्या ओळखीचे, रोज भेटणारे लोक होते. वडिलांच्या मानेवर लाल चट्टा चढत गेला, पण ते उभेच राहिले. मला वाटलं उठून म्हणावं, बाबा, पुरे. मी वहीत वेळ लिहिली: तीन वाजून दहा मिनिटं.

हॅलोरन माझ्याजवळ आले. "मिस स्टॉकवेल, तुमच्या वडिलांना सांगा, या खुर्चीत बसायला गावात शंभर माणसं तयार आहेत."

"आहेत," मी म्हटलं. "पण सकाळच्या शॉटमध्ये त्यांचे चेहरे नाहीत."

त्यांनी माझ्याकडे आणि मग खिडकीकडे पाहिलं. वकिलाचं काम करणारा नेड कॅरोवे खांबाला टेकून उभा होता. वय सव्वीस, पायांत उंची वाढवणारे बूट. पाच दिवसांत त्याला एका वेळी दोन वाक्यांहून जास्त बोलायला मिळालं नव्हतं.

"मला सगळं पाठ आहे," तो म्हणाला. "ओळीने करून दाखवतो. अर्धा तास लागेल."

"कॅमेऱ्याशिवाय?" हॅलोरन म्हणाले.

"त्यांना कुठे कॅमेरा हवाय?"

साक्षीदार परत पिंजऱ्यात बसला. कॅरोवेने सुरुवात केली आणि दोनच मिनिटांत अडकला, कारण त्याने उघडलेला गिरणीचा नकाशा कोरा होता. शॉटमध्ये नकाशाची फक्त मागची बाजू दिसायची होती.

"पोरा, यावर तर काहीच नाही," वडील म्हणाले.

कॅरोवेने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, कागद ज्युरीच्या कठड्यावर पसरला आणि नदी, गिरणी, टेकडी काढली. "टेकडी कोणत्या बाजूला होती?" त्याने साक्षीदाराला विचारलं. हे पटकथेत नव्हतं. साक्षीदार गोंधळला आणि म्हणाला, "पूर्वेला." मग पटकथेतला प्रश्न आला: धूर घरापर्यंत आला होता का? आला होता. खिडक्या लावून घ्याव्या लागल्या? लागल्या. बायको खोकत होती? हो, रात्रभर.

"म्हणजे वारा गिरणीकडून तुमच्याकडे होता," कॅरोवे म्हणाला आणि त्याने गिरणीपासून टेकडीपर्यंत पेन्सिल आडवी करून सगळा मधला भाग काळा केला. "मग या धुरातून तुम्ही माणसाचा चेहरा कसा ओळखलात, तेवढं या बारा जणांना सांगा."

पटकथेत इथे साक्षीदाराने ओरडायचं होतं. तो ओरडला नाही. कागदावरच्या त्या काळ्या भागाकडे बघत राहिला. मी पाच दिवस कॅरोवेला पाहत होते, पण त्याचे बूट त्या क्षणी पहिल्यांदा मला दिसेनासे झाले.

बारा जण उठून ज्युरीच्या खोलीत गेले आणि पर्डीकाकांनी बाहेरून कडी लावली.

"किती वेळ?" हॅलोरननी विचारलं.

"लागेल तेवढा," पर्डीकाका म्हणाले. "एकदा दीड दिवस लागला होता. तो घोड्याचा खटला होता."

कंपनीची माणसं जिन्यावर बसून सिगारेट ओढू लागली. न्यायाधीश झालेला नट खुर्चीतच पेंगला. आतून दोनदा गसचा चढलेला आवाज आला. बायकांना तेव्हा आमच्याकडे ज्युरीत बसता येत नव्हतं, त्यामुळे त्या खोलीत काय बोलतात हे मला माहीत नव्हतं आणि मी दाराला कान लावून ऐकलंही नाही.

"मिस स्टॉकवेल," हॅलोरन हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी दोषी ठरवलं तर?"

"तर तुमचा वकील हरला."

"तो हरला तर राष्ट्राध्यक्ष कसा होणार?"

"ते मला सांगता येणार नाही."

बावीस मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी दारावर थाप पडली. हॅलोरननी कॅमेरा सुरू करायची खूण केली. बारा जण रांगेने आले. गस कोणाकडेच पाहत नव्हता. गॅलरीत आता कोणी हसत नव्हतं. सकाळपासून ज्यांच्या हातात अंत्यविधीच्या दुकानाने जाहिरातीसाठी वाटलेले कागदी पंखे फडफडत होते, तेही थांबले होते.

"ज्युरीचा निकाल ठरला?" न्यायाधीशाने विचारलं.

"ठरला." वडील उठले आणि कॅमेऱ्याकडे नाही, तर अंग वळवून आरोपीच्या खुर्चीतल्या त्या नटाकडे पाहत म्हणाले, "निर्दोष."

तो नट पन्नाशीचा होता. बऱ्याच चित्रपटांत त्याला फासावर चढवलेलं असणार. त्याने चेहरा हातांत लपवला. पटकथेत तेही नव्हतं. टोप्या उडवायचं गर्दी विसरली आणि मग सगळ्या एकदमच उडाल्या.

"थांबवा!" हॅलोरननी कपाळाला हात लावला. "ओरिन, मस्त झालं, पण मला तुमचा फक्त कान दिसला. कॅमेऱ्याकडे बघा आणि पुन्हा एकदा म्हणा."

"पुन्हा?"

"तोच शब्द."

वडिलांनी मान हलवली. "ज्याला सांगायचं त्याच्याकडे बघून सांगितलं. आता सुटला तो, मिस्टर हॅलोरन. सुटलेल्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी परत उभं करता येत नाही."

हॅलोरननी पर्डीकाकांकडे पाहिलं.

"कायदा तोच आहे," पर्डीकाका म्हणाले आणि बायबल काखेत मारून घरी निघाले. एवढं झाल्यावर आणखी कोणाला विचारायचं उरलं नव्हतं. हॅलोरननी त्या बारा खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची हॅट काढली आणि ती हातात धरूनच मला म्हणाले, "लिहा. एकच शॉट. ठीक आहे."

पुढच्या वसंतात शिक्षकांच्या परिषदेला मी शिकागोला गेले होते, तेव्हा तिथल्या मोठ्या थिएटरात चित्रपट लागला होता. निकालाच्या वेळी पडद्यावर एक उंच शेतकरी जवळजवळ पाठमोरा उभा राहतो. दिसतो तो उन्हात उजळलेला एक कान आणि थोडी दाढी. त्याने एक शब्द उच्चारला आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. शेजारी एक अनोळखी बाई रुमालाने डोळे टिपत होती. मी सहसा अनोळखी लोकांशी बोलत नाही. तिच्या हाताला स्पर्श करून मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत."

"कोण, तो न्यायाधीश?"

"नाही," मी म्हटलं. "तो कान."