पाचव्या नमुन्याची डावी बाजू

आमच्या दोघांच्या कामाची वाटणी सोपी आहे. मी मोडते, तो ऐकतो.

आम्ही नवराबायको एका ग्राहक-मासिकासाठी वस्तू तपासतो. सध्या हेडफोन. तेही भारीतले नव्हेत, स्वस्तातले. कान पूर्ण झाकणारे नाहीत, कानावर नुसते टेकणारे, लहान गादीचे. पोरं दप्तरात कोंबतात आणि मोठी माणसं गळ्यात अडकवून हिंडतात ते. अशा हेडफोनचे लाड कुणी करत नाही, म्हणून मीही करत नाही. पट्टी दोन्ही हातांनी फाकवते, पिळते, बिजागरीची उघडझाप करते, टेबलावरून पाडते आणि शेवटी वायरला पाण्यानं भरलेली बाटली टांगते. ऑफिसात मला मोडतोडबाई म्हणतात. त्याला म्हणतात कानसेन. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं म्हणायची पद्धत आहे. पण त्यालाही कान लागतात, आणि याचे कान खरोखर तसे आहेत. मी रागानं पातेलं आपटलं तर कुठलं पातेलं आपटलं, हे तो बाहेरच्या खोलीतून सांगतो. लग्नानंतर सुरुवातीला मला याचं फार कौतुक होतं.

प्रत्येक कंपनीकडून दोन नग मागवायचे, एक माझा आणि एक त्याचा. कंपनीचं नाव मी कागदी पट्टी चिकटवून झाकते आणि वर नुसता आकडा लिहिते, म्हणजे नावाला भुलून मत बनत नाही. माझ्या नगाच्या वायरला लाल दोरा बांधायचा. आणि दोघांचं काम संपेपर्यंत त्या वस्तूबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही. मी 'भंगार' म्हटलं की त्याला सूरही भंगार लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याचं गाणंही ठरलेलं. एका बाईचं, मागे फक्त व्हायोलिन. दुसरी ओळ उचलण्याआधी ती बाई बारीकसा श्वास घेते. वाईट हेडफोनात तो श्वास गायब होतो, बऱ्या हेडफोनात येतो. बाकी बेस किती, खणखणाट किती, हे सगळं त्यानंतर.

त्या दिवशी पाच नमुने होते. साहेबांना, म्हणजे आमच्या संपादकांना, निकाल संध्याकाळपर्यंत हवा होता. एवढ्या एका पानासाठी अंक अडला होता. शिवाय साहेबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं होतं. रबरी कान लावलेलं एक नकली डोकं मिळतं, त्याला हेडफोन घातला की मशीन आवाज मोजून देतं. त्याचं माहितीपत्रक साहेबांच्या टेबलावर महिनाभर पडून होतं. "त्या मुंडक्याला विचारा, गाणं आवडलं का!" असं म्हणून कानसेन हसायचा. पण मी त्याची बायको आहे. हसू कुठून येतंय ते मला कळतं.

पहिला नमुना त्यानं ऐकला, काढला, आणि उलटा करून पुन्हा घातला. डावी बाजू उजव्या कानावर. असं तो कधी करत नाही. दुसऱ्याचंही तेच.

"काय कानसेन, डावं-उजवं कळेनासं झालं की काय?" मी म्हटलं.

"मुद्दाम करतोय."

तिसऱ्यालाही त्यानं तेच केलं, तेव्हा मला राहवेना. "आता पुढचा पायात घालून बघ," म्हटलं. तो लाल झाला. मला बरं वाटलं, कारण सकाळपासून तो तुटक वागत होता आणि मला एक वचपा काढायचा होता. चौथा त्यानं सरळ घातला आणि सरळच काढला.

तोवर मी माझ्या पाचव्याला बाटली टांगली होती. बाहेरून काही दिसलं नाही, पण आत काहीतरी सुटलं. लावून बघितला तर डावी बाजू ठार मेलेली. लाल दोरा बांधायला गेले तर रीळ संपलेलं. मी दोरा शोधायला आतल्या कपाटाकडे गेले. परत आले तेव्हा टेबलावर पाच नंबरचा एकच नग होता आणि दुसरा त्याच्या डोक्यावर. नीट खात्री करावी म्हणून मी टेबलावरचा कानाला लावला.

तो वाजला. दोन्हीकडून, ठणठणीत.

म्हणजे मेलेला त्याच्या डोक्यावर होता. चूक माझी, दोरा बांधायचा राहिला. पण मला आधी हसूच आलं. आता हा डोळे उघडेल, हेडफोन भिरकावेल, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. मी कंबरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिले.

त्यानं डोळे उघडले नाहीत. गुडघ्यावर बोट ताल धरून होतं. पहिल्या सुरालाच त्यानं उडायला हवं होतं. गाणं संपलं. त्यानं हेडफोन काढला, गादीवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे समोर ठेवला.

माझं हसू गेलं. आधीचे नमुने तो उलटे घालून उजव्याच कानानं दोन्ही बाजू का तपासत होता, ते आत्ता डोक्यात शिरू लागलं. मी त्याच्या मागून डाव्या बाजूला गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "तुझा निळा कप सकाळी माझ्या हातून फुटला."

त्या कपाला तो मला विसळायलासुद्धा हात लावू देत नाही. तो ढिम्म. मी तेच वाक्य पुन्हा तसंच म्हटलं. तो वायर गुंडाळत राहिला. मग मी उजवीकडे गेले आणि कुजबुजले, "निळा कप फुटला."

"कुठला? निळा?" तो गर्रकन वळला. "अगं, तो कसा काय?"

भीती वाटली, सरळ सरळ भीती. तिच्या मागोमाग राग आला, आणि तोंड उघडायच्या आत साहेब दारात उभे.

"काय कानसेन, कोण जिंकलं?"

"पाच नंबर," तो म्हणाला. "बेस जरा फुगवलाय, पण चालेल. बाईचा श्वास येतो. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजू तोलून वाजतात. एकसारख्या."

हा माणूस खोटं बोलत नाही असं नाही. पाहुण्यांसमोर माझ्या हातच्या चहाबद्दल बोलतो, स्वतःच्या उंचीबद्दल बोलतो. पण आवाजाबद्दल मी त्याला कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"वा! मग मलाही ऐकू द्या जरा," म्हणत साहेबांनी हात पुढे केला.

तो हेडफोन साहेबांच्या कानाला लागला असता तर एका सुरात सगळं उघडं पडलं असतं. कानसेन स्वतःच तो उचलून त्यांना द्यायला निघाला होता. त्या बिचाऱ्याला आपण काय देतोय याची कल्पनाच नव्हती. मी मध्ये घुसले. "थांबा, बिजागरी बघायची राहिलीय," म्हटलं आणि पट्टी दोन्ही हातांनी धरून उलट्या बाजूला पिळली. काडकन दोन तुकडे झाले.

"अहो बाई, हा ऐकायचा नग होता ना?"

"होता. बांधणी कच्ची आहे. आज निकाल नाही मिळणार."

"अंक अडलाय माझा!"

"अडू दे."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. नवराबायकोच्या भांडणात पडू नये एवढं शहाणपण त्यांच्यापाशी आहे. ते निघून गेले. मी दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"डावा कान."

तो खुर्चीत बसला. "परवा सकाळी उठलो तेव्हापासून. दडा बसलाय गं. सर्दीनं होतं असं."

"तुला सर्दी कुठाय?"

मी तुकडा उचलून त्याच्यापुढे धरला. "या पाचव्याची डावी बाजू मेलेली होती. माझा नग तुझ्याकडे आला होता. तू तो आख्खा ऐकलास आणि तोलून वाजतो म्हणालास."

त्याचा चेहरा बघवेना. "आजचा निकाल देऊन टाकू दे," तो म्हणाला. "मग जाऊ डॉक्टरकडे. साहेबांना आत्ता कळलं तर उद्या या खुर्चीत ते मुंडकं बसेल. मला दुसरं काय येतं, सांग ना? तुला मोडता तरी येतं."

मी नणंदेला फोन लावला. माझी धाकटी नणंद कानाच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करते. एरवी आमचा फोन म्हणजे एकमेकींना टोमणे मारायची सोय. त्या दिवशी मी दोन वाक्यं बोलले आणि तिनं एकही टोमणा मारला नाही.

"वहिनी, दादाला आत्ताच्या आत्ता घेऊन ये," ती म्हणाली. "मळ असेल तर काढून टाकतील, प्रश्नच नाही. पण आतली नस बिघडली असेल तर औषध जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. दिवस घालवले तर कान कायमचा जाऊ शकतो."

"कायमचा?"

"हो. आण त्याला."

फोन त्याच्या उजव्या बाजूला होता. त्यानं ऐकलं. मुकाट्यानं चपला घातल्या.

टॅक्सीत मी त्याला सोलून काढलं. बायकोपासून लपवतोस, जीवाशी खेळतोस, एवढा कसला मान, मान काय चाटायचाय. उघड्या खिडकीतून रस्त्याचा गोंगाट आत येत होता, तो बाहेर बघत बसला. दोन सिग्नल गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला बसलेय. इतका वेळ मी भिंतीशी भांडत होते. मग मात्र मला रडू आलं, आणि तेही त्याला ऐकू आलं नाही.

उतरताना तो म्हणाला, "साहेबांसमोर तू मला तोंडघशी पाडलंस."

"पाडायचं असतं तर तो हेडफोन त्यांच्या कानाला लावू दिला असता," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून कानात बघितलं. आपल्या नवऱ्याच्या कानात मळ असू दे, भरपूर असू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. "मळ नाही. पडदाही स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "तपासणी करून घ्या. आज काय द्यायचं ते त्यावर ठरवू."

तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी पेटी, जाड दाराची, एका बाजूला काच. नणंदेनं त्याला आत बसवलं, हातात बटण दिलं. "दादा, कितीही बारीक ऐकू आलं तरी दाबायचं." मग त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला. कानावर टेकणाराच निघाला, पण दणकट, उजवीकडे लाल, डावीकडे निळा. त्यानं सवयीनं गादी अंगठ्यानं दाबून बघितली. मीही सवयीनं बिजागरी बघितली. चांगली होती.

मी काचेच्या अलीकडे नणंदेशेजारी स्टुलावर बसले. आधी उजवा कान. ती आवाज बारीक करत गेली, तो दाबत गेला. "याचा हा कान मांजराचा आहे," ती पुटपुटली. मग डावा. त्याआधी तिनं उजव्या कानात फसफस आवाज सोडला. तो कशाला, मी विचारलं.

"नाहीतर चांगला कान चोरून ऐकतो आणि दुसऱ्याचं पाप झाकतो."

आत त्यानं बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग पुन्हा. इकडे प्रत्येक वेळी छोटा दिवा लागत होता. माझ्या जिवात जीव आला. येतंय की ऐकू! मी नणंदेचा दंड घट्ट धरला.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "मी अजून काहीच वाजवलेलं नाही."

पुन्हा दिवा लागला. नणंदेनं मान खाली घातली. भावाला असं बघणं तिला जड जात होतं. मी उठले, पेटीचं दार उघडलं आणि आत त्याच्या समोर उकिडवी बसले. त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला.

"तिनं काही वाजवलं नव्हतं," मी म्हटलं.

त्याचा अंगठा बटणावरून खाली आला.

"काहीच येत नाही गं," तो म्हणाला. "आत नुसतं पोकळ आहे. बाईचा श्वास सोड, बाईच येत नाही. तीन दिवस मी आठवून आठवून ऐकतोय."

"मग तेच सांग. येत नाही तर येत नाही. तू खोटं दाबलंस तर डॉक्टर औषध तुझ्या अब्रूला देणार आहेत का?"

"आणि नाहीच परत आलं तर?"

मला खोटा धीर देता आला असता. दिला नाही. "नाही आलं तर उजव्यानं ऐकशील. तेही नाही जमलं तर माझ्याबरोबर मोडायला बसशील. जगात स्वस्त हेडफोनांना तोटा नाही."

त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. मी पदरानं पुसलं, हेडफोन पुन्हा चढवला, निळी बाजू डावीकडे आहे ना ते नीट बघितलं आणि दार लावून बाहेर आले.

नणंदेनं पुन्हा सुरू केलं. ती बटण दाबायची, तो नुसता बसलेला. ती आवाज वाढवायची, तो नुसता बसलेला. अंगठा बटणावर, पण हलत नव्हता. त्या दिवसभरातलं त्याचं ते पहिलं खरं मत होतं. बारीक सूर झाले, मधले झाले. काही नाही. नणंद माझ्याकडे बघायचं टाळत होती. तिनं खालचा, जाड सूर लावला आणि आवाज आणखी चढवला.

आत त्यानं डोळे मिटले. बाईच्या श्वासाची वाट बघताना पडते तशी त्याच्या कपाळावर आठी पडली. अंगठा उचलला, थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं बटण दाबलं.

दिवा लागला. मी दिव्याकडे बघितलंच नाही, नणंदेच्या हाताकडे बघितलं. या वेळी तिचं बोट मशीनवर होतं.