वाढत्या पायाचे बूट

आमच्या सिद्धीचा पाय माझ्याएवढा आहे. हे मी घरात सांगत होते, दुकानात सांगत होते, पण शांतम्मा काय, बडबडतच असते, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बडबडते तर बडबडते. खोटं बोलत नाही मी.

सिद्धी म्हणजे सिद्धेश्वरी, माझ्या धाकट्या भावाची, रुद्रप्पाची, एकुलती एक पोरगी. ती पहिलीत असताना तिची आई गेली. मी त्याआधीच सासर सोडून माहेरी आले होते, त्यामुळं पोरगी माझ्याच हाताखाली वाढली. तेरा वर्षांची झाली आणि तिचा पाय माझ्या पायाशी येऊन थांबला. तेव्हापासून कोपऱ्यावरून दही आणायचं झालं की ही बया माझ्या चपला अडकवून पळणार आणि मी दारात अनवाणी बोंबलत उभी राहणार. दोन वर्षं हेच चाललं होतं. चप्पल तिला घट्ट झाली नाही की सैल झाली नाही. माझाही पाय त्याच वयात थांबला होता. आमच्या घरातल्या बायकांचे पाय असेच, लहान आणि टाचेत अरुंद.

तर ही पोरगी स्केटिंग करायची. ते शर्यतीचं नव्हे. गाणं लावून फिरायचं, मध्येच उडी मारून हवेत गिरकी घ्यायची, ते. टीव्हीवर बर्फावर करतात ना, तसलं. सोलापुरात बर्फ बघायचा तर रसवंतीत, म्हणून आमच्याकडं सिमेंटच्या रिंकवर बुटाला चाकं लावून करतात. बूट मात्र त्या बर्फवाल्यांसारखाच असतो, पांढऱ्या कातड्याचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारा आणि चांगला टणक. तिला शिकवणारे हिंदुराव सर म्हणायचे, उडी पोरगी मारते, पण खाली आल्यावर तिला सांभाळतो तो बूट.

सिद्धीला एकाच परदेशी कंपनीचे आणि त्यातही एकाच प्रकारचे बूट बसायचे. टाच अरुंद, बाकीच्यांत पाय हलायचा. एकदा दुसरे आणले तर टाचेची सालटी निघाली, मोजे रक्तानं भरले. मीच धुतले ना ते. पण आपले नेहमीचे घातले की पोरीचा चेहराच बदलायचा. रिंकवरून आली की आधी बूट पुसणार, मग हातपाय धुणार, आणि रात्री ते उशाशी घेऊन झोपणार. उशाशी बूट बघून माझं डोकं फिरायचं. मी ते उचलून दाराशी ठेवायचे आणि सकाळी बघावं तर परत उशाशी.

दिवाळीनंतर डाव्या बुटाचं घोट्याजवळचं कातडं मोडलं. सरांनी बोटानं दाबून दाखवलं, भिजल्या पुठ्ठ्यासारखं आत जात होतं. म्हणाले, आता यात उडी बंद, नवे आणा. पुढं फेब्रुवारीत जिल्ह्याची निवड होती. त्यात नाव आलं की राज्याला जायचं. पुढच्या वर्षी दहावी, त्यातून वयोगट बदलणार आणि मोठ्या पोरींशी गाठ पडणार. जे काय व्हायचं ते याच वर्षी व्हायला हवं होतं, आणि पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

रुद्रप्पानं पुण्याला फोन केला, मुंबईला केला, दिल्लीलाही केला. सगळीकडं एकच उत्तर मिळालं. ते मॉडेल कंपनीनं बंद केलंय, आता येणार नाही.

आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दरवर्षी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला अक्कलकोटकडची सुंदरम्मा म्हणून एक म्हातारी येते आणि लाल मोराची चादर मागते. ती विणणारा कारखाना कधीच बंद पडला. रुद्रप्पा तिला कानडीत गोड बोलून दुसरी देतो. ती घेते आणि पुढच्या वर्षी येऊन परत तीच मागते. आम्ही हसायचो तिला. आता तीच पाळी रुद्रप्पावर आली. फोन ठेवला की तो गल्ल्यावर गप्प बसून राहायचा, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

मग एका सकाळी म्हणाला, “अक्का, दुकानदार फोनवर नाही म्हणतो. माळ्यावर एखादा नग असतोच. माझ्याकडं नसतो का?” आणि निघाला की बेंगळूरला. कधी दुकान एक दिवस सोडत नाही तो माणूस.

परत आला तेव्हा बगलेत खोकं होतं आणि चेहरा असा की विचारूच नका. चहा निवला तरी त्याचं सांगणं संपेना. जुनं दुकान, म्हातारा मालक, आधी नाहीच म्हणाला, मग सोलापूरचं नाव निघालं, चादरी निघाल्या, गप्पा रंगल्या आणि म्हाताऱ्यानं माळ्यावरून दोन खोकी काढली. एक सिद्धीच्या नंबराचं आणि एक त्याहून मोठं. दोन्ही घ्यायची ऐपत नव्हती.

“मग मोठं घेतलं,” तो म्हणाला. “आता हे परत निघणार नाहीत अक्का. तिच्या नंबराचे घेतले असते तर वर्षात आखूड झाले असते. मग कुठून आणायचे?”

मी कपाळावर हात मारला. पण त्याला तरी काय बोलणार? आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं. शाळेचा गणवेश गुडघ्याखाली लोंबणारा, खाली आत दुमडून शिवलेला. रुद्रप्पा स्वतः चौथीत बुटांत कागदाचे बोळे कोंबून शाळेत गेला, आणि पाय त्या बुटांएवढा झाला तोवर बुटांचे तळ गेले. आमच्यात मापाचं असं कुणाला काही मिळालंच नाही. त्याच्या दृष्टीनं त्यानं लेकीसाठी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट केली होती.

सिद्धीनं बूट घातले, नाड्या आवळल्या, उभी राहिली. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. टाच आत उचलली जात होती. मी सरळ म्हणाले, रुद्रा, मोठे आहेत हे, हिचा पाय आता वाढायचा नाही, माझ्या चपला बघ. तर पोरगी माझ्यावरच उलटली. म्हणाली, आत्या, तुला काय कळतं, यात बोटं मोकळीच लागतात. आणि बापाकडं वळून म्हणाली, मस्त बसलेत अप्पा. रुद्रप्पा तर हरखूनच गेला. बूट देवापुढं न्यायचे नाहीत म्हणून त्यानं खोक्यालाच विभूती लावली, आणि मी दुपारची भाकरी थापत होते तोवर बूट नेऊन, तळाला भोकं पाडून, जुन्यांची चाकं त्यांना बसवूनही आणली.

भोकं पाडलेला बूट कोण परत घेणार? तरी मी खोक्यावरचा नंबर बघून बेंगळूरला फोन लावला. म्हातारा भला होता. म्हणाला, अम्मा, दुसरा जोड कालच म्हैसूरची एक मुलगी घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात धुण्यात मोजेच मोजे निघायला लागले. एकावर एक तीन-तीन घालायची ती, आणि पुढं बोटांशी कापूस. हिंदुराव सरांच्या ते लगेच लक्षात आलं. या बुटात उडी मारलीस तर रिंकवर पाय ठेवू देणार नाही, असं त्यांनी तिला बजावलं आणि मला बोलावून सांगितलं. रविवारी रुद्रप्पा शेंगा घेऊन पायरीवर बसायचा आणि पोरगी त्याच्यासमोर नुसते गोल काढायची. उडी का नाही गं, असं त्यानं विचारलं की म्हणायची, सर आधी पाया पक्का करून घेतायत. तो मान डोलवायचा. घरी येताना मला म्हणायचा, बूट काय बसलेत ना अक्का, लई भारी.

मला ते ऐकवेना. त्याच रात्री जेवताना सांगून टाकायचं ठरवलं मी. सिद्धीनं ओळखलं. न्हाणीघरात बोलावलं मला आणि दार लावून घेतलं. फरशीवर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. भिंतीला टाच लावून रोज पाय मोजत होती ती.

“आत्या, अप्पा माझ्यासाठी एवढ्या लांब गेले,” ती म्हणाली. “बूट मोठे झाले म्हणून कळलं तर स्वतःला कधी माफ करणार नाहीत. सांगू नकोस. माझा पाय वाढेल.”

पाय म्हणजे काय दोडका आहे का गं, रात्रीत वाढायला, असं मी तिला चिडून म्हणाले. आणि मग तिथंच बादलीवर बसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी ठरलं असं की उडी मारायची नाही, आणि निवड झाली की अप्पांना तीच सांगणार. सरांनीही बिनउडीचं गाणं बसवून दिलं. मी मग तिला नाचणीची आंबील द्यायला लागले, दूध द्यायला लागले. मला माहीत होतं काही व्हायचं नाही, तरी देत होते. रेघ तिथंच राहिली.

निवडीच्या दिवशी रुद्रप्पानं दुकान बंद ठेवलं. जत्रेला घेतलेला शर्ट घालून माझ्या शेजारी येऊन बसला. सिद्धीचं नाव पुकारलं. ती रिंकवर आली तशी मी आधी पायांकडं बघितलं. पायात जुने बूट होते. चाकं कधी काढली, कधी परत लावली, कुणाला पत्ता नाही. हिंदुराव सर लांब टेबलापाशी उभे होते. त्यांनी हात वर केला, पण तोवर गाणं सुरू झालं होतं.

“अक्का, हे जुने नव्हेत का?” रुद्रप्पानं विचारलं.

काय सुंदर फिरत होती हो पोरगी. इतके दिवस ते सैल बूट सांभाळत, पाय चोरत फिरली होती, आज अंगात वारं भरल्यागत सुटली. पहिली उडी घेतली, गिरकी पुरी झाली, आणि एका पायावर अलगद उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुद्रप्पानं माझा हात दाबला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही सगळं विसरले. दुसऱ्या उडीला ती डाव्या पायावर उतरली आणि घोटा बुटासकट आडवा झाला. आवाज आमच्यापर्यंत आला.

घोट्याची हाडं दोन ठिकाणी मोडली होती. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, लग्नात नाचेलसुद्धा, पण त्या उड्या आता विसरा. रुद्रप्पा ऐकून घेत होता. डॉक्टर गेले तसं त्यानं मला विचारलं, नवे का नाही घातले तिनं? आता कुणासाठी लपवायचं होतं? मी सगळं सांगितलं. मोजे, कापूस, फरशीवरची रेघ, सगळं.

सिद्धी अजून गुंगीत होती. तो उठून तिच्या पायथ्याशी बसला आणि चादर बाजूला करून तिचा उजवा, धड असलेला पाय हातात घेतला. दिवसभर चादरी वितीनं मोजणारा माणूस. अंगठा तिच्या टाचेला टेकवला आणि करंगळी ताणली. पाय वितीतच संपला. त्यानं हात काढला आणि परत लावून बघितला.

“एवढाच आहे होय गं हा,” तो म्हणाला.

माझा भाऊ बायको गेली तेव्हा लोकांसमोर रडला नव्हता. आता कपाळ पोरीच्या पायाला लावून रडायला लागला. तेवढ्यात सिद्धीनं डोळे उघडले. तिला काय समजलं, किती समजलं, कुणास ठाऊक. जीभ जड झाली होती तिची.

“वाढेल की अप्पा,” ती म्हणाली. “अजून वाढेल.”

ते नवे बूट आता दुकानात माळ्यावर आहेत. कुणी विचारत आलं तर देईन, असं रुद्रप्पा म्हणतो. अजून कुणी आलेलं नाही. यंदा जत्रेला सुंदरम्मा आली, लाल मोराची चादर मागायला लागली, तेव्हा त्यानं तिला दुसरी काही दाखवली नाही. नाही अम्मा, बंद झाली, एवढंच म्हणाला आणि तिला बसवून चहा पाजला.

सिद्धीला दवाखान्यातून घरी आणायचं होतं त्या दिवशी मी तिचे कपडे घेतले, पाण्याची बाटली घेतली, औषधं घेतली आणि चप्पल विसरले. दवाखान्यात आली ती बुटांवर, तिची चप्पल तिथं कुठली असणार? रुद्रप्पा खाली रिक्षा थांबवून उभा होता. डावा पाय प्लास्टरमध्ये होता आणि उजवा थंड फरशीवर उघडा. मी माझी उजवी चप्पल काढून तिच्या पायात सरकवली.

बरोबर बसली.